धोकटीतला हिशेब

आमच्या घरचा जमाखर्च आमच्या सौभाग्यवती लिहितात. शाळेची अंदाजपत्रके तपासून त्यांवर सही करण्याचा अधिकार शासनाने आम्हांस दिला असला, तरी घरच्या वहीपुरते आम्ही केवळ वाचक. मार्चअखेरीस ती वही आमच्यापुढे ठेवण्याचा प्रघात आहे. यंदा ती चाळताना 'दूध' आणि 'वीज' या दोन ओळींच्या मध्ये एक नवीनच ओळ दृष्टीस पडली : 'वस्तरे : १८,४०० रुपये.' त्या ओळीखाली ना रेघ होती, ना प्रश्नचिन्ह. "अहो, बेरीज चुकली असेल तर सांगा," एवढेच त्या म्हणाल्या. बेरीज चुकलेली नव्हती. चूक दुसरीकडे कोठे तरी होती, आणि ती शोधून काढण्याचे काम वहीने आमच्यावर सोपविले होते.

वाचकांना या ओळीचे हसू येईल. टपालाची तिकिटे जमविणारे पुष्कळ असतात. नाणी जमविणाऱ्यांचे तर आमच्या बऱ्हाणपुरात कोणास नवल वाटत नाही, कारण येथे मोगलांची टांकसाळ होती. पण दाढीचे जुने वस्तरे आणि यंत्रे कोणी जमविते का? जमविते, आणि जगभर जमविते. आम्ही त्या पंथास कसे लागलो, ते आधी सांगावयास हवे.

आमचे वडील २००९ साली वारले. त्यांची पत्र्याची पेटी बरीच वर्षे माळ्यावर तशीच होती. दीड वर्षापूर्वी दिवाळीच्या साफसफाईत ती खाली आली. धोतरजोडी, जुनी पंचांगे आणि पेन्शनचे कागद यांच्या तळाशी एका रुमालात गुंडाळलेला सेफ्टी रेझर निघाला. पितळेचा, वरचा पांढरा मुलामा दांडीवर बोटे टेकतात तेवढ्याच जागी उडालेला. कचेरीच्या घाईच्या दिवशी वडील त्याने स्वतः दाढी करीत. रविवारी मात्र आमच्या ओसरीवर धोकटी उघडली जाई आणि वडील पाटावर मान वर करून बसत. आम्ही त्या यंत्रात नवे ब्लेड बसवून पाहिले. दाढी इतकी सुरेख झाली की त्या दिवसापासून आम्ही घरीच दाढी करू लागलो. दुकानात आठवड्यास दोन दाढ्या म्हणजे शंभर रुपये, वर्षाचे पाच हजार दोनशे. घरी आठवड्यास एक ब्लेड पुरते. आपण काटकसर करीत आहोत, याचा आम्हांस मोठा आनंद झाला. सौभाग्यवतींच्या वहीने पुढे दाखवून दिले, की पाच हजार वाचविण्यासाठी आम्ही अठरा हजार खर्चिले होते.

खर्च असा एकदम झाला नाही. छंदाचा खर्च कधीच एकदम होत नाही. प्रथम भंगारवाल्याकडून वीस रुपयांस एक यंत्र घेतले. मग पुण्यास एका लग्नास गेलो असता जुन्या बाजारात तीन वस्तरे मिळाले. पुढे भाच्याने मोबाईलवर लिलाव कसा बोलावा ते शिकविले, आणि तेथे आमचा तोल गेला. लिलावाचा एक विलक्षण गुण असा, की वस्तू घ्यावी की न घ्यावी हा प्रश्नच मागे पडतो आणि ती दुसऱ्या कोणास मिळता कामा नये, एवढेच मनात उरते. शाळेत मुलांना लोभाविषयीचे सुविचार फळ्यावर लिहून देणारे आम्ही, रात्री अकरा वाजता अंगठ्याने शंभर-शंभर रुपये वाढवीत होतो. पाहता पाहता कपाटात सदतीस नग झाले.

वास्तविक ज्याने थोडा अभ्यास केला, त्याचा हात आपोआप आखडावा. आम्ही अभ्यास केला, पण खरेदीनंतर. तो येथे देतो, म्हणजे कोणाचे चार पैसे वाचतील.

पहिली गोष्ट ही, की जुने ते सारे दुर्मिळ नव्हे. बदलत्या पात्याच्या सेफ्टी रेझरचे पेटंट अमेरिकेत किंग जिलेट यांस १९०४ साली मिळाले. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९०३ मध्ये, त्यांची अवघी ५१ यंत्रे व १६८ पाती खपली होती. १९०४ मध्ये यंत्रांचा खप ९० हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी ती ३५ लाखांच्या घरात पुरविली गेली. जी वस्तू लाखांनी निघाली, ती शंभर वर्षांनीही हजारांनी शिल्लक राहणारच. विकणारा 'अँटीक' म्हणाला, की आपण वय विचारतो. विचारावयास हवी संख्या.

दुसरी गोष्ट वय ओळखण्याची. त्याच कंपनीच्या १९५० नंतरच्या दशकांतील बहुतेक अमेरिकी यंत्रांवर एक अक्षर व एक अंक कोरलेला असतो. अक्षर वर्षाचे, अंक तिमाहीचा : 'झेड' असेल तर १९५४, 'ए' असेल तर १९५५. उघड्या वस्तऱ्यांच्या बाबतीत पात्याच्या मुळाशी असलेला ठसा वाचावा. हिंदुस्थानात आलेले चांगले वस्तरे बहुधा इंग्लंडातील शेफील्डचे किंवा जर्मनीतील सोलिंगेनचे. अमेरिकेने १८९० साली आयात मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे केले. तेव्हा ठशात गावापुढे 'इंग्लंड' किंवा 'जर्मनी' असेल, तर तो वस्तरा बहुधा त्यानंतरचा. 'दीडशे वर्षांपूर्वीचा' म्हणून आम्ही घेतलेल्या दोन वस्त्यऱ्यांवर देशाचे नाव ठसठशीत आहे.

तिसरी गोष्ट दोषांची. पात्याच्या धारेवर गंजाचे खड्डे पडले असतील, बारीक तडा असेल, किंवा वर्षानुवर्षे दगडावर घासून पाते अरुंद झाले असेल, तर संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत जवळजवळ उरत नाही. सेल्युलॉइडची मूठ तर घातकीच. ती कुजू लागली की तिच्यातून आम्लाची वाफ सुटते आणि शेजारच्या वस्तऱ्यांनाही गंज चढतो. असा नग वेगळा ठेवावा. हस्तिदंती मुठीच्या वाटेस जाऊच नये, कारण वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे हस्तिदंताच्या व्यापारास बंदी आहे. आणि परदेशी असलेल्या मुलाबाळांस भेट धाडण्याचा विचार असेल, तर १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा लक्षात ठेवावा : ऐतिहासिक महत्त्वाची शंभर वर्षांवरील वस्तू देशाबाहेर नेता येत नाही.

एवढे ज्ञान झाल्यावर सदतीसपैकी नऊ-दहा नगच ठेवण्याजोगे आहेत, असे आमच्या ध्यानी आले. पैसा गेला होताच. पण यापुढे किती जाऊ द्यावा?

येथे आम्हांस पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांचे स्मरण झाले. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारा हा गृहस्थ चष्म्यांच्या व्यवसायात होता. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला आणि आयुष्यभर गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वज्ऱ्या, दौती, स्वयंपाकाची भांडी असा प्रपंचातला ऐवज गोळा केला. राजेरजवाड्यांची शस्त्रे कोणीही जपतो. ज्या अडकित्त्याने आजीने सुपारी कातरली, तो जपावा हे त्यांना सुचले. अकाली गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी संग्रहालय केले आणि हजारो वस्तूंचा तो ठेवा शासनाच्या स्वाधीन केला. बाजीराव रस्त्याजवळचे ते संग्रहालय पुण्यास जाणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाने पाहावे.

'केळकरांनी सारे आयुष्य ओतले, मग आमचे अठरा हजार कोणाच्या डोळ्यांत खुपतात?' असे आम्ही सौभाग्यवतींना विचारले. त्या म्हणाल्या, "त्यांनी लोकांसाठी जमवलं. तुमचं कपाट तर तुम्ही मलाही उघडू देत नाही." या वाक्यास आमच्या एम.ए.च्या अभ्यासक्रमात उत्तर नव्हते.

म्हणून पाडव्याच्या दिवशी आम्ही नियम केला. एक रिकामा डबा घ्यावयाचा, त्यात दरमहा पाचशे रुपये टाकावयाचे, आणि डब्यात असेल तेवढ्याचीच खरेदी करावयाची. उसनवार नाही, पुढल्या महिन्याची उचल नाही. टाकलेला पैसा खर्च झाला असेच मानावयाचे. 'पुढे किंमत येईल' हा शब्द उच्चारावयाचा नाही. मोह झाल्यास आठ दिवस थांबावयाचे, आणि 'ही वस्तू कोणास दाखविता येणार नसेल तरी आपण घेऊ का?' असा प्रश्न स्वतःस विचारावयाचा. नियम झाला, मनास शांतता वाटली, आणि हा लेख येथेच संपावयास हरकत नव्हती.

पण त्याच पंधरवड्यात आमच्या पेठेतील न्हावीदादा घरी आले. त्यांचे वडील गेल्या पावसाळ्यात वारले. आमच्या ओसरीवर रविवारी जी धोकटी उघडत असे, ती त्या म्हाताऱ्या बाबांची. मुलगा पंचेचाळिशीचा, त्याचे लहानसे दुकान आहे, दोन खुर्च्यांचे.

"मास्साब, तुम्ही जुने वस्तरे घेता म्हणे. बाबांची धोकटी घरी पडून आहे. बघता का?"

कातडी धोकटी त्यांनी चटईवर उघडली. नराणी, कात्री, चिमटा, पितळेची वाटी, धार लावण्याचा दगड, चामड्याचा पट्टा आणि तीन वस्तरे. एकावर गंजाचे खड्डे, दुसऱ्याच्या मुठीस तडा. तिसरा सोलिंगेनचा, पण पाते झिजून निम्म्यावर आलेले. आमच्या टिपणवहीप्रमाणे तिघांचे मिळून शंभर-दीडशे.

"किती द्यायचे, भाऊ?"

"तुम्हाला वाटेल ते द्या."

आम्ही डब्यातून दोनशे काढून दिले, आणि आपण पन्नास रुपये उदार आहोत असेही मनातल्या मनात नोंदविले. त्यांनी पैसे मोजले नाहीत. वस्तरे ठेवून, बाकीची धोकटी गुंडाळून ते गेले.

संध्याकाळी सौभाग्यवतींनी विचारले, "हे कोणाचे?" आम्ही सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मामंजींच्या दहाव्याला राजघाटावर तुमचं क्षौर बाबांनीच केलं होतं ना? आणि मामंजी अंथरुणाला होते ते तीन महिने, रोज जिना चढून येत होते. आजाऱ्याच्या दाढीचे पैसे घेत नाही म्हणायचे."

रात्री झोप लागली नाही. तापीच्या थंड पायऱ्या आठवल्या, ओली मान आठवली, आणि मानेवरून हळूच उतरलेली ती धार आठवली. बहुधा हाच तो वस्तरा. पाते झिजले म्हणून आम्ही ज्याची किंमत कमी केली, ते पाते आमच्या घरासारख्या शेकडो घरांतून झिजले होते. संग्राहकाच्या कोष्टकात झीज हा दोष आहे. ज्याचे त्यावर पोट होते, त्याची ती मिळकत होती.

गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहून त्या जुन्या देण्याघेण्याचे वर्णन करून ठेवले आहे. दर दाढीस पैसा नव्हे, तर पीक निघाल्यावर वाटा. म्हणजे हिशेब एका दिवसाचा नसून दोन घरांचा असे. त्या व्यवस्थेत अन्यायही पुष्कळ होता, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु या हातांस स्वतःचे मन नव्हते असे कोणी समजू नये. ज्या सेना महाराजांना वारकरी संत म्हणून वंदन करतात, ते याच व्यवसायाचे; परंपरा त्यांचे नाते आमच्या मध्यप्रदेशातील बांधवगडाच्या राजाशी जोडते. आणि १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने न्हाव्यांनी सभा भरवून, विधवांच्या केशवपनासाठी आपण वस्तरा उचलणार नाही, असे ठरविले. सुशिक्षितांच्या परिषदा ज्या प्रश्नावर चर्चा करीत होत्या, त्यावर या लोकांनी आपली मिळकत सोडून उत्तर दिले. अशा हातांतील वस्तू आम्ही केवळ ठसा वाचून तोलीत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यातले उरलेले तीनशे आणि खिशातले सातशे असे एक हजार रुपये पाकिटात घालून आम्ही दुकानावर गेलो. एक गिऱ्हाईक खुर्चीत होते. न्हावीदादांनी अर्धे ब्लेड मोडून वस्तऱ्यात बसविले. हल्ली बहुतेक ठिकाणी हीच रीत आहे. रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या भयाने दर गिऱ्हाइकास नवे पाते लागते, आणि जुन्या घडीव वस्तऱ्याचे दिवस त्यामुळेच संपले. गिऱ्हाईक उठल्यावर आम्ही पाकीट पुढे केले आणि म्हणालो, "भाऊ, काल आमच्याकडून कमी दिले गेले."

त्यांनी हात पुसले. पाकीट घेतले नाही.

"दोनशे पुष्कळ झाले, मास्साब. झिजलेलं पातं, त्याला कोण विचारतं? चांगला होता तो मी घरी ठेवलाय, देवाजवळ. तो विकायचा नाही."

म्हणजे किंमत त्यांना आमच्याहून अधिक कळत होती. अजाण माणसावर उपकार करावयास निघालेले आम्ही पाकीट हातात घेऊन उभे राहिलो.

मग आरशाकडे पाहत ते म्हणाले, "एक विचारू? राग मानू नका. दीड वर्ष झालं, तुम्ही दुकानात का येत नाही? बाबा होते तोवर विचारायचे, मास्साबांशी काही बोलणं झालं का रे, म्हणून. मी म्हणायचो, काही नाही झालं. त्यांना पटायचं नाही."

वाचकहो, तीस वर्षे आम्ही विद्यार्थ्यांना प्रश्न विचारीत आलो. एवढा साधा प्रश्न आम्हांस कोणी विचारला नव्हता. वडिलांच्या आठवणीने आम्ही त्यांचे यंत्र हाती घेतले. त्या आठवणीच्या भरात सदतीस परक्या वस्तऱ्यांवर हजारो रुपये उधळले, आणि त्याच काळात, काटकसर म्हणून, वडिलांची अखेरची दाढी करणाऱ्या माणसाच्या दुकानाची पायरी चढणे बंद केले. बाबा आमच्या घरापासून अडीचशे पावलांवर राहत होते. कोणता वस्तरा कोणत्या कारखान्याचा, कोणत्या घरी किती वर्षे चालला, हे त्यांनी तासभर सांगितले असते. त्यांना विचारावे, हे आम्हांस सुचले नाही. आता विचारता येणार नाही.

"चुकलं, भाऊ," एवढेच आम्ही म्हणालो, आणि खुर्चीत बसलो. त्यांनी पाण्याचा हात गालावरून फिरविला.

जुन्या वस्तूंवर किती खर्चावे, याचे उत्तर आम्ही पाडव्यास लिहिले होते. ते अपुरे होते. आपल्या ऐपतीचा आकडा ठरविणे सोपे आहे. तो प्रत्येकाने आपल्या वहीकडे पाहून ठरवावा, आणि पाळावा. त्याआधी मात्र पाहावे, की ज्या जुन्याच्या प्रेमाने आपण वेडे झालो, त्याचे कोणी जिवंत माणूस शेजारी आहे का, आणि त्याचे देणे आपण दिले आहे का. जुनी लुगडी जमविणाऱ्याने विणकराची विचारपूस करावी, जुन्या पोथ्या जमविणाऱ्याने गावातल्या म्हाताऱ्या शास्त्रीबुवांकडे जावे. उरेल त्यातून कपाट भरावे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपणा लोकांस तर हे विशेष लागू आहे. आपणास जुन्याची ओढ फार, आणि ते जुने ज्यांच्या तोंडून कळेल अशी माणसे थोडी. तीही दरवर्षी उणी होतात.

नियमात आम्ही दुरुस्ती केली. डबा तोच, पाचशेच रुपयांचा. त्यातून पहिले दर रविवारच्या दाढीचे पन्नास काढावयाचे; उरतील ते संग्रहाचे. ज्यांचा उपयोग नाही असे वीसेक नग मिळेल त्या किमतीस काढून टाकले. कपाट आता उघडे असते. झिजलेला सोलिंगेन आम्ही वरच्या फळीवर ठेवला असून त्याच्या चिठ्ठीवर कारखान्याचे नाव खाली, आणि बाबांचे नाव वर लिहिले आहे. ते कसे लिहावे हे त्यांच्या मुलानेच सांगितले. तो वस्तरा त्यांच्या वडिलांनी कधी घेतला, हेही त्याने दाढी करता करता सांगितले. पुढच्या रविवारी आणखी काही आठवेल म्हणाला.

वैशाखअखेर सौभाग्यवतींची वही पुन्हा आमच्यापुढे आली. 'दूध' आणि 'वीज' यांच्या मधली ओळ कायम होती. तेथे आता लिहिले होते : 'दाढी व वस्तरे : ५०० रुपये.' दाढी आधी लिहिली होती. बेरीज बरोबर होती.